चहा-कॉफीच्या दुकानातील बौद्धिक दिव्यांग कामगार : हजेरीपुस्तकावर नाव हवे

सांगली-मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या कोणत्याही हॉटेलवाल्याशी, बेकरीवाल्याशी पाच मिनिटे बोलावे, पहिली तक्रार एकच असते. कामाला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर टिकत नाही. परगावचा कारागीर सणाला गावी गेला की महिना महिना परतत नाही. कप विसळणारा गडी समोरच्या दुकानात थोडे जास्त मिळाले की तिकडे जातो. ही तक्रार खरी आहे, तिच्यावर वाद घालण्याचे कारण नाही.

आता त्याच बाजारपेठेतील दुसरे चित्र पाहा. प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक पेठेत वीस-पंचवीस वर्षांचा एखादा तरुण असतो. त्याला सगळे ओळखतात. तो दिवसभर ओट्यावर बसलेला असतो किंवा दुकानादुकानांतून फिरत असतो. आपल्याकडे लोक त्याला सरळ 'खुळा' म्हणतात. त्याला काम जमणार नाही हे सर्वांनी गृहीत धरलेले असते. पण सकाळी दुकानाची फळी बाहेर काढायची असली, पाण्याची बादली आणायची असली, शेजारच्या गादीवर चहा पोचवायचा असला की त्यालाच हाक जाते. बदल्यात एक चहा, एक पाव, मनात आले तर दहा-वीस रुपये. म्हणजे तो काम करतोच आहे. त्याच्या कामाला नाव नाही, वेळ नाही आणि दर नाही, एवढेच.

गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबई, हुबळी आणि परदेशातही काही कॉफीची दुकाने निघाली. त्यांनी नेमके हेच केले. अशा तरुणांच्या कामाला नाव दिले, वेळ दिली, दर दिला. ही दुकाने आपल्या व्यापारी बंधूंनी नीट समजून घेण्यासारखी आहेत. दयाबुद्धीने कोणी चार दिवस दुकान चालवू शकेल. वर्षानुवर्षे चालवायचे तर त्यामागे कामाची पद्धत लागते. ती पद्धत आपल्या बेकरीत, कँटीनमध्ये, चहाच्या गाड्यावरही चालण्यासारखी आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ

पूर्वी सरसकट 'मतिमंद' हा शब्द वापरला जाई. आता कायद्याच्या भाषेत 'बौद्धिक अक्षमता' म्हणतात. समजून घेण्याचा, शिकण्याचा आणि रोजचे व्यवहार सांभाळण्याचा वेग लहानपणापासूनच कमी असणे, असा त्याचा अर्थ. डाऊन सिंड्रोम हा जन्मतः पेशींत २१ व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असल्याने होणारा प्रकार. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, ही आणखी वेगळी गोष्ट. स्वमग्न मुलाची बुद्धी कधी चांगली तल्लखही असते. पण बोलणे, लोकांत मिसळणे, गोंगाट सहन करणे त्याला जड जाते. यातले काहीही संसर्गाने होत नाही.

मनाचा आजार हा याहून निराळा विषय आहे. तो मोठेपणी होऊ शकतो, त्यावर औषधोपचार असतो. आपल्याकडे या दोहोंची सर्रास गल्लत होते. तिचा परिणाम असा की 'हा कधी बिथरेल सांगता येत नाही' या भीतीने शांत, कष्टाळू मुलालाही कोणी गल्ल्याजवळ उभे करत नाही.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात एकवीस प्रकार आहेत आणि स्वमग्नता त्यात स्वतंत्रपणे आली आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यांपैकी सुमारे १५ लाख बौद्धिक अक्षमतेचे. अशी नोंद घरच्यांच्या सांगण्यावर होते, आणि किती घरांत ही गोष्ट लपवली जाते हे आपल्या मोहल्ल्यावरून ताडून पाहावे.

विशेष शाळा साधारण अठराव्या वर्षापर्यंत असते. त्यापुढे कार्यशाळा असतात. तेथे मेणबत्त्या, पणत्या, कागदी पिशव्या, फाइली असे काम चालते. पुण्याची कामायनी ही संस्था १९६४ पासून या क्षेत्रात आहे. आपल्या शेजारी कोल्हापूरला चेतना अपंगमती विकास संस्था आहे. पण कार्यशाळेतल्या जागा थोड्या, आणि तालुक्याच्या गावापासून त्या दूर. म्हणून शाळा सुटली की मुलगा घरी बसतो. शाळेत जे शिकला ते दोन वर्षांत विसरतो. आईवडिलांचे वय वाढत जाते, आणि आमच्या मागे याचे कसे, हा एकच प्रश्न घरात उरतो. भाऊ चांगला असला तरी भावजय, तिची मुले, घराची वाटणी, हे सगळे पुढे असतेच.

आधी डबे, मग दुकान

मुंबईत जुहूला 'कॅफे अर्पण' आहे. यश चॅरिटेबल ट्रस्ट ते चालवते. मानसशास्त्राच्या अभ्यासक सुषमा नगरकर आणि आशाइता महाजन यांनी ही संस्था उभी केली. नगरकर स्वतः स्वमग्न मुलीच्या आई आहेत. कॅफे २०१८ साली सुरू झाला. तेथे स्वयंपाकघरात आणि टेबलांवर काम करणारे स्वमग्न, डाऊन सिंड्रोमचे, बौद्धिक अक्षमतेचे प्रौढ स्त्री-पुरुष आहेत, आणि त्यांना पगार मिळतो.

व्यापाऱ्याने येथे एक गोष्ट टिपून ठेवावी. संस्थेने पहिल्याच दिवशी दुकान थाटले नाही. २०१५ मध्ये त्यांनी डबे पोचवण्याचे काम काढले. डब्याच्या धंद्यात गिऱ्हाईक समोर उभे नसते. पदार्थ आदल्या दिवशी ठरलेला असतो, किती करायचा तेही ठरलेले असते, चूक झाली तर डबा बांधण्यापूर्वी सुधारता येते. अशा कामात हात बसले, आणि तीन वर्षांनी गिऱ्हाइकासमोरचे दुकान उघडले. आपल्याकडे उलटे होते. दुकानाचे उद्घाटन आधी, पाहुणे आधी, फोटो आधी. आणि कामगार काय करणार याचा विचार दुसऱ्या दिवशी.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. मिरजेहून रेल्वेने बेळगाव-धारवाडमार्गे हुबळीला जाता येते. त्या हुबळीत २०१७ साली अलिना आलम या तरुणीने एका महाविद्यालयाच्या आवारात 'मिट्टी कॅफे' सुरू केला. जागा म्हणजे एक जुनी पत्र्याची शेड. भांडवल फारसे नव्हते. लोकांकडून वापरलेल्या वस्तू मिळवून दुकान लावले. शारीरिक, बौद्धिक, दृष्टीचे, ऐकण्याचे, सर्व प्रकारचे दिव्यांग तेथे काम करू लागले. पुढे बंगळुरूच्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून आणि विमानतळावर शाखा निघाल्या. १० नोव्हेंबर २०२३ रोजी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या आवारातील शाखेचे उद्घाटन त्या वेळचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी केले.

अमेरिकेतही जवळजवळ त्याच सुमारास, जानेवारी २०१६ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन गावी एमी आणि बेन राइट या दांपत्याने 'बिटी अँड बोज' नावाचे कॉफीचे दुकान काढले. त्यांच्या चार मुलांपैकी धाकट्या दोघांना डाऊन सिंड्रोम आहे. दुकानाला त्याच दोघांची नावे. पहिली जागा पाचशे चौरस फुटांची आणि कामगार एकोणीस. तेथील एक युक्ती फार साधी आहे. कोणत्या गिऱ्हाइकाची कोणती कॉफी, हे नाव किंवा आकडा वाचून लक्षात ठेवणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी गिऱ्हाइकाच्या हातात खेळण्यातला एक पत्ता देतात. कप तयार झाला की त्या पत्त्याचे नाव पुकारायचे. आपण पत्त्यांऐवजी चित्रांचे पुठ्ठे करू शकतो. छत्री, पतंग, आंबा, घड्याळ. ज्याच्या हातात पतंग, त्याच्यापुढे पतंगाचा कप. लिहिता-वाचता न येणाऱ्या कोणत्याही गड्याला हे जमेल.

मुंबईतील 'मिर्ची अँड माइम' किंवा रायपूरचा 'नुक्कड' चहा कॅफे यांची नावेही अशा चर्चेत येतात. तेथे मुख्यतः ऐकू न येणारे कामगार आहेत. त्यांची अडचण बोलण्या-ऐकण्याची. खुणांची भाषा ठरली की पुढचे काम इतरांसारखेच. तो धडा येथे लागू होत नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

आपल्या सातारा-सांगलीत कॉफी अजून चहाच्या मागेच आहे. कॉलेजच्या पोरांची थंड कॉफी सोडली तर दुकाने चालतात ती चहावर. तसा कॉफीशी आपला संबंध जुना. 'कहवा' हा तिचा अरबी शब्द, आणि बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया चिकमंगळूरच्या डोंगरात आणून लावल्या, अशी कर्नाटकात परंपरेने सांगितलेली हकिकत आहे. असो. पुढे जे सांगायचे आहे ते चहालाही तितकेच लागू आहे.

चहाचे काम म्हणजे किती कामे?

'चहा करता येतो का?' असा प्रश्न विचारला तर उत्तर 'नाही' असेच येणार. प्रश्नच चुकीचा आहे. चहाच्या दुकानात सकाळपासून रात्रीपर्यंत जी कामे होतात ती एकदा वहीत उतरवून काढावीत. दूध आणणे, पातेले घासणे, आले कुटणे, साखरेचे माप भरणे, पावडरीचे माप भरणे, उकळी पाहणे, गाळणे, ग्लास भरणे, ग्लास ट्रेमध्ये लावणे, टेबलापर्यंत नेणे, रिकामे उचलणे, विसळणे, पुसणे, पालथे घालणे, फडके मारणे, पैसे घेणे, मोड देणे. सतरा तर येथेच झाली. यांतली उकळी पाहणे आणि मोड देणे ही दोन खरी कठीण. बाकीची बहुतेक कामे अशी की ती रोज त्याच क्रमाने, त्याच जागी होतात. ज्या कामाचा आपल्या हुशार गड्याला आठ दिवसांत कंटाळा येतो, तेच काम असा तरुण पुष्कळदा मन लावून करतो, कारण रोज तेच असणे त्याला आवडते. सर्वांनाच आवडते असे नाही. माणूस पाहून काम ठरवावे.

मोजमापाची कामे अशी करावीत की मोजावेच लागू नये. साखरेसाठी एक विशिष्ट डबा, आणि त्या डब्यात काठोकाठ म्हणजेच एका पातेल्याचे माप. पावडरीसाठी दुसऱ्या रंगाचा छोटा डबा. पाण्यासाठी पातेल्याच्या आतून खूण. लाल झाकण साखरेचे, हिरवे झाकण पावडरीचे. बेकरीत नानकटाईचा डझन मोजायचा असेल तर लाकडी पाटीत बारा खाचा पाडून घ्याव्यात. बाराही खाचा भरल्या की डझन झाला. आकडा येण्याची गरज नाही. आपले सुतार बंधू अशी पाटी तासाभरात करून देतील. पाव किलो खारी तोलायची असेल तर काट्याच्या पडद्याशेजारी तोच आकडा मोठ्या अक्षरात चिकटवावा. दोन्हीकडे सारखे दिसले की पिशवी बंद. साताऱ्याच्या कंदी पेढ्याचे खोके भरणे, सांगलीच्या भडंगाच्या पिशव्या लावणे, बेदाण्यातील काड्या निवडणे, ही कामे याच जातीची आहेत.

शिकवण्याची एक पद्धत विशेष शिक्षक वापरतात. ती आपल्या कारागिरांनी जरूर शिकावी. काम सुरुवातीपासून शिकवण्याऐवजी शेवटून शिकवायचे. समजा बिस्किटांचा खोका भरायचा आहे. खोका उघडणे, कागद घालणे, बिस्किटे लावणे, कागद दुमडणे, झाकण लावणे, पट्टी चिकटवणे अशा सहा पायऱ्या. पहिले काही दिवस पाच पायऱ्या आपण कराव्यात आणि पट्टी त्याने चिकटवावी. त्याच्या हातून खोका पुरा होतो. काम संपल्याचे समाधान त्याला रोज मिळते. ते बसले की झाकणही त्याच्याकडे द्यावे. मग कागद दुमडणे. अशा रीतीने उलट येत येत एके दिवशी सगळा खोका त्याचा होतो. सुरुवातीपासून शिकवले तर दुसऱ्या पायरीवरच अडकतो आणि रोजचा शेवट रागावण्याने होतो.

मदतही हळूहळू काढून घ्यायची असते. प्रथम त्याच्या हातावर हात ठेवून करून घ्यावे. मग नुसते बोटाने दाखवावे. मग शब्दाने सांगावे. शेवटी भिंतीवर क्रमाने लावलेली चित्रे पुरतात. एका वेळी एकच सूचना. 'ते पाणी दे, फडके मार आणि जाताना दुधाची चौकशी कर' असे तिन्ही एकदम नाही. ओरडणे तर नाहीच. आपल्या धंद्यात उस्तादाने शागिर्दावर ओरडणे हा शिकवण्याचाच भाग मानतात. येथे त्याने शिकलेलेही पुसले जाते. एरवी उस्ताद-शागीर्द ही रीत या कामाला फार जवळची आहे. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांच्या कारखान्यात नवा मुलगा पहिल्या दिवशी तारा जुळवायला बसत नाही. त्याला घासकाम देतात, आणि तेच पुष्कळ दिवस. एवढा धीर ज्या कारागिराजवळ आहे त्याला वेगळे काही शिकावे लागणार नाही.

सावधगिरी कोठे घ्यायची तेही सांगितले पाहिजे. बौद्धिक अक्षमतेच्या काही व्यक्तींना फिट येते. घरच्यांकडून हे आधी स्पष्ट विचारून घ्यावे. तसे असेल तर भट्टी, गॅस आणि उकळत्या पातेल्यापासून त्या माणसाला लांब ठेवावे. खाद्यपदार्थ हाताळणाऱ्या सर्वांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते, तीत याचीही तपासणी करावी. गोंगाटाचे तास ओळखावेत. रमजानमध्ये इफ्तारीच्या आधीच्या तासाला बेकरीपुढे जी झुंबड होते, तेव्हा स्वमग्न मुलाला गल्ल्यापाशी उभे करणे म्हणजे त्याचे आणि आपले दोघांचे नुकसान. त्याची पाळी दुपारची ठेवावी. पिशव्या भरून ठेवल्या की संध्याकाळी झुंबडीला त्याच उपयोगी पडतात.

जागा कोणती?

वरची दुकाने कोठे चालली ते पुन्हा पाहा. महाविद्यालयाचे आवार, कंपनीची कचेरी, न्यायालय. म्हणजे जेथे रोज तीच माणसे येतात. चार दिवसांत गिऱ्हाईक कामगाराला ओळखू लागते, कामगार गिऱ्हाइकाला. साहेबांचा चहा बिनसाखरेचा हे त्याला सांगावे लागत नाही. थोडा उशीर झाला तर कोणी तोडून बोलत नाही. एस. टी. स्टँडासमोरच्या दुकानात हे जमणार नाही. तेथे गाडी पाच मिनिटे थांबते, प्रत्येक गिऱ्हाईक नवे आणि घाईत. सांगली-मिरजेत दवाखाने, कॉलेजे, मार्केट यार्डाच्या पेढ्या आहेत; साताऱ्यात कचेऱ्या आणि शाळा आहेत. अशा ठिकाणचे कँटीन ज्यांच्याकडे आहे, त्यांनी हा विचार आधी करावा. पदार्थ मोजके असावेत. चहा, कॉफी, खारी, बन-मस्का, उकडलेली अंडी. मेन्यू जितका लांब, तितक्या चुका.

पैशाच्या व्यवहाराची मोठी अडचण आता आपोआप सुटली आहे. पूर्वी मोड देणे न जमल्याने अशा मुलाला गल्ल्यापासून दूर ठेवावे लागे. आता बहुतेक गिऱ्हाईक मोबाईलने पैसे देते आणि किती रुपये जमा झाले ते दुकानातला डबा मोठ्याने बोलतो. दहा, वीस, पन्नास असे गोल दर ठेवले तर रोखीचेही काम सोपे होते.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. 'दिव्यांगांना मदत करा' अशी पाटी लावून पाणचट चहा विकू नये. पहिल्या महिन्यात लोक कौतुकाने येतील, फोटो काढतील. तिसऱ्या महिन्यात ते चवीसाठीच येतील किंवा येणारच नाहीत.

हिशोब आणि हक्क

आता वहीकडे वळू. समजा, आपल्या दुकानात वर्षात चार गडी बदलले आणि प्रत्येकाला कामात मुरायला पंधरा दिवस लागले. म्हणजे वर्षातले साठ दिवस अर्धेकच्चे काम झाले. असा तरुण शिकायला तीन महिने घेईल. पहिल्या वर्षी आपण तोट्यात असाल. पण घराजवळचा मुलगा, आईवडील वेळेवर आणून सोडणारे, आणि दुसरीकडे त्याला बोलावणारे कोणी नाही. तो टिकण्याचा संभव जास्त. दुसऱ्या वर्षी हिशोब आपल्या बाजूने झुकतो. येथेच धोकाही आहे. त्याला दुसरीकडे कोणी बोलावत नाही, हे ध्यानात घेऊन त्याला कमी द्यावे असा मोह होतो.

तो मोह टाळण्याचा उपाय वेळेत आहे. पूर्ण दिवस झेपत नसेल तर चार तासांची पाळी ठेवावी आणि इतरांना तासाला जो दर पडतो तोच त्याला द्यावा. दिव्यांग आहे म्हणून मालकाने आपल्या मनाने किमान वेतनाखाली दर ठरवावा, असे कायदा म्हणत नाही. कित्येक बंधू प्रामाणिकपणे असे समजतात की या मुलाला जे देतो ते जकातीतून दिले तर दोन्ही गोष्टी साधतील. तसे साधत नाही. कामाचा मोबदला हे मालकावरचे देणे आहे. जकात ही त्या देण्याच्या बदल्यात मोजता येत नाही. घर गरजू असेल तर जकात वेगळी द्यावी, मजुरी वेगळी.

कागदपत्रांत पहिले म्हणजे जिल्हा शासकीय रुग्णालयातून मिळणारे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यासोबतचे यूडीआयडी ओळखपत्र. बहुतेक सवलतींना चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व लागते. दुसरे, पालकत्व. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, हे फार थोड्या घरांना माहीत असते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे; त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमता येतो. बँकेचे खाते, वारसाहक्काची वाटणी, या सर्वांत तो कागद लागतो. याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना असून तिची मर्यादा वर्षाला एक लाख रुपयांची आहे.

संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान चालू असेल तर तिला उत्पन्नाची अट आहे. पगार सुरू करण्यापूर्वी तहसील कचेरीत विचारून घ्यावे, नाहीतर घरचे लोक अनुदान जाईल या भीतीने मुलाला महिन्यातच घरी बसवतात. ज्या व्यापाऱ्याच्या स्वतःच्या घरी असे मूल आहे, त्याला महाराष्ट्राच्या १९७५ च्या व्यवसाय कर कायद्यात सूट आहे. कित्येक जण माहिती नसल्याने वर्षानुवर्षे तो कर भरत राहतात. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग आहे. तेव्हा चौकशीला जागाच नाही असे म्हणता येणार नाही. २०१६ च्या कायद्यात खासगी मालकाने पाच टक्के दिव्यांग ठेवावेत यासाठी सरकारने प्रोत्साहन द्यावे असे कलम आहे, पण ते सरकारच्या ऐपतीनुसार, असेही त्यातच म्हटले आहे. त्या भरवशावर दुकान उघडू नये.

आणखी एक कलम मात्र पाठ करून ठेवावे. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान करणे हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा किमान सहा महिन्यांची, पाच वर्षांपर्यंत वाढू शकणारी. दुकानात बसून अशा कामगाराची टिंगल करणाऱ्या गिऱ्हाइकाला हे शांतपणे ऐकवता येते. अर्थात आपल्या इतर गड्यांना आधी सांगावे लागेल. चिडवणे बहुधा बाहेरून सुरू होत नाही, मोरीपाशी सुरू होते. त्याला नावानेच हाक मारायची, हा नियम मालकाने पहिल्या दिवशी घालून द्यावा आणि स्वतः पाळावा.

मुलींविषयी थोडेसे. कॅफे अर्पणमध्ये स्त्रियाही काम करतात. आपल्याकडे अशी मुलगी घराबाहेर पाठवायला आईवडील धजत नाहीत, आणि त्यांची भीती निराधार नाही. ज्या घरी बायका मसाले कुटतात, शेवया वळतात, पापड लाटतात, तेथे तोलणे आणि पिशव्या भरणे हे काम तिला देता येईल. मात्र घरातले काम म्हणून ते फुकटात धरू नये. तिच्या नावाची वही वेगळी ठेवावी.

सुरुवात एका माणसापासून आणि एका कामापासून करावी. पहिला आठवडा त्याने नुसते येऊन बसावे, आवाज आणि माणसे ओळखीची व्हावीत. दुसऱ्या आठवड्यापासून रोज दोन तास, एकच काम, एकच जागा. घरून आणणारा माणूस तोच असावा. जवळच्या विशेष शाळेतील शिक्षकाला एकदा दुकानात बोलावून चित्रे आणि मापे दाखवावीत. बहुतेक शिक्षक आनंदाने येतात, कारण शाळेनंतर मुलांचे काय झाले हे त्यांना क्वचितच कळते. पगाराची तारीख इतरांचीच ठेवावी. हजेरीपुस्तकात त्याचे नाव इतरांच्या ओळीतच लिहावे, सही येत नसेल तर अंगठा घ्यावा. पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यात भरावेत, आणि पासबुक छापून आणले की आधी त्याच्या हातात द्यावे. कित्येकांना त्यातला आकडा कळत नाही. पण आपले नाव कोठे छापले आहे ते बोट ठेवून दाखवतात.